नाण्याखालचा पांढरा

"तो बल्ब काढा आधी."

"का काढू?"

"मोठा आहे, बाबा."

"मोठा आहे म्हणूनच लावलाय. लहान हवा असता तर लहान नसता का लावला?"

"इथं बसून पेपर वाचता येईल एवढा उजेड आहे. डार्करूम आहे ही."

"मग वाच की पेपर. तेवढंच डोक्यात काहीतरी जाईल."

"कागद खराब होतोय त्यानं. एकही फोटो धड येत नाहीये. हा सदरा बघा. पांढरा सदरा आहे हा? भांडी विसळलेलं पाणी वाटतंय."

"कागदच जुना आहे. त्या कागदवाल्यानं गोडाऊनमधला सडका माल माझ्या गळ्यात मारलाय, आणि तू माझ्या बल्बच्या मागे लागलीयस."

मामा आणि ताई, म्हणजे माझी मामेबहीण, एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, दोन बाजूंना उभे राहून भांडत होते. मी दाराशी उलट्या घातलेल्या बादलीवर बसले होते, कारण तिसऱ्या माणसाला त्या खोलीत तेवढीच जागा होती. मुळात ते न्हाणीघर. खिडकीला काळा पुठ्ठा ठोकलेला, भिंतीला ओल, आणि नळाखालच्या ओट्यावर तीन ट्रे ओळीनं: पहिल्यात चित्र उमटतं, दुसऱ्यात थांबतं, तिसऱ्यात पक्कं होतं. वर लाल बल्ब. फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही असं म्हणतात, पण ते मंद उजेडापुरतं. उजेड वाढवला की कागद आंधळेपणाचं सोंग सोडतो. सगळीकडून थोडा थोडा काळवंडतो आणि मग फोटोत पांढरं असं काही उरतच नाही. हे मला मामांनीच सांगितलं होतं, मी शाळेत असताना, याच बादलीवर बसवून.

आणि तेच मामा आता हा भगभगीत बल्ब लावून बसले होते.

मामा म्हणजे आमच्या गल्लीतला फोटो स्टुडिओ. पाटीवर काय नाव आहे ते कोणी वाचत नाही. मामांकडे जातो, असंच सगळे म्हणतात. स्टुडिओत पुढं काउंटर, मध्ये पडदा आणि खुर्ची, मागं ही डार्करूम. मामी होती तोवर पुढचा कारभार तिचा. गिऱ्हाइकाचा भांग नीट करायचा, "तोंड मिटा, दात नाही मागितलेले" म्हणायचं आणि त्याला आत ढकलायचं, हे तिचं काम. मामा दिवसभर मागे. त्यांचा निम्मा संसार बंद दारातूनच झाला. मामी बाहेरून दार ठोठावायची, आतून आवाज यायचा, "थांब, कागद उघडा आहे." मग ती दाराला पाठ लावून उभी राहायची आणि दाराशीच बोलायची. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची सून परत आली, आज भाजीत मीठ नाहीये, बोलायचं नाही. ती सांगायची, "एकदा मी नुसतं बघायला म्हणून ओरडले, घरात साप निघालाय. तर हे म्हणतात, थांबव त्याला, कागद उघडा आहे."

रंगीत फोटो आले तेव्हा मामांनी ते रोल दुसरीकडे धुवायला पाठवले. स्वतः हात लावला नाही. रंग म्हणजे माणसाची समजूत घालणं, असं त्यांचं मत. काळ्या-पांढऱ्यात माणूस जसा आहे तसा राहतो. पुढं फोन आले, तेव्हा तर धुवायलाही काही उरलं नाही. मामी गेल्यावर ताईनं नोकरी सोडून काउंटर घेतला. तिच्याकडं छोटा डिजिटल कॅमेरा आहे, ती ओळखपत्रांचे फोटो काढते, आणि त्यावर दुकान चालतं. मामा मागे. त्यांच्याकडं अजूनही काही वेडे येतात: आजोबांची जुनी निगेटिव्ह घेऊन येणारे, हौशी पोरं, आणि गल्लीच्या टोकाच्या नाट्यगृहातले लोक. नाट्यगृहाच्या दारातल्या पाटीवर नटांचे फोटो लागायचे ते वर्षानुवर्षं मामांनीच केलेले.

मग डोळे.

सुरुवातीला मामा चहाच्या कपाशेजारी साखर घालायचे. नंतर गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या कानाकडं बघायला लागले. ताई त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा एक कागद दाखवला आणि काय दिसतं ते विचारलं. मामा म्हणाले, मधल्या चौकटी नाहीत, तुमच्या छपाईवाल्यानं घाई केलेली दिसते. डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग वाळत चाललाय, त्यावर चष्मा नाही, औषध नाही, ऑपरेशन नाही. कडेचं दिसत राहील, तुम्ही वावरू शकाल, पण ज्याच्याकडं रोखून बघाल नेमकं तेच दिसणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मामांनी विचारलं, मला प्रिंट काढता येतील ना? डॉक्टरांना वाटलं कॉम्प्युटरचं चाललंय. ते म्हणाले, बटण दाबायला काय हरकत आहे.

ते वाक्य मामांनी पुढं सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरची परवानगी म्हणून. आणि वर म्हणायचे, डार्करूममध्ये डोळ्यांचं काय काम? म्हणून तर अंधार करतात.

यात थापही नव्हती. रोल धुताना तर मिट्ट काळोखच लागतो, तिथं तुमचे माझे डोळेही कुचकामीच. मामा बोटांनी फिल्म रिळावर चढवायचे, डबीचं झाकण लावायचे, तोंडानं सेकंद मोजत डबी हलवायचे. फोटो धुवायचं औषध ताजं आहे की थकलंय ते वासावरून सांगायचे. अडचण फक्त पुढची होती. प्रिंट काढताना ते ट्रेला धडकायला लागले, चिमटा सापडेना. म्हणून त्यांनी एक दिवस गुपचूप मोठा लाल बल्ब आणून लावला. ताईनं बघितलं आणि गप्प बसली. मामा मागे बसून स्वतःच्याच जुन्या निगेटिव्हवर हात चालवत होते. त्यांचा वेळ जातोय ना, कोणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

मग नाट्यगृहानं पडदेवाल्याचा फोटो मागितला.

पडदेवाला मामांचा जुना दोस्त. मामा त्याला पडद्या म्हणतात, तो मामांना फोटो म्हणतो. उभा जन्म विंगेत दोर धरून उभा राहिलेला माणूस. तो दोर ओढायचा तेव्हा कुठं नाटक सुरू व्हायचं. आता पडद्याला मोटर बसवली आणि त्याला निरोप दिला. तेव्हा व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की या माणसाचा एकही फोटो नाही. कसा असणार? फोटोग्राफर समोर बसायचा आणि हा मागे उभा असायचा. नाट्यगृहाचं पुढचं दालन नव्यानं सजत होतं, तिथं त्याचा फोटो लावायचं ठरलं, आणि तो मामांनीच काढायचा.

मामांनी त्याला खिडकीशी खुर्चीत बसवलं. कॅमेऱ्याच्या काचेत तर त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मामांनी शिंप्याचा टेप काढला, एक टोक भिंगाला लावलं आणि दुसरं पडदेवाल्याच्या डोळ्याशी नेलं.

"काय रे फोटो, सदरा शिवतोयस का माझा?"

"शिवलाच तर तुझ्या मापाचं कापड मिळायचं नाही. हलू नकोस. हात असे ठेव, तळवे वर."

"भीक मागतोय असं वाटेल."

"दोर ओढलेला दिसेल. श्वास सोड."

एवढंच. मामांनी मोजलेलं अंतर भिंगाच्या कड्यावर ताईकडून लावून घेतलं, बाकी सगळं त्यांचं. संध्याकाळी रोल धुतला. ताईनं ती निगेटिव्ह खिडकीसमोर धरली आणि मला फोन केला: बाबांनी इतकं चांगलं आयुष्यात काही काढलं नसेल. पापणीचा केस न केस होता, आणि त्या तळव्यांवरची चामडी, दोरानं घासून घासून जशी झाली होती तशी.

दुसऱ्या दिवशी मामा प्रिंट काढायला आत गेले आणि जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत. शेवटी एक ओला फोटो घेऊन आले. "बघ," म्हणाले. ताईनं बघितलं. धुळकट काचेपलीकडं कोणीतरी म्हातारा बसला होता. केस राखाडी, डोळ्यांतली चमक राखाडी, तळवे राखाडी. मामा तिच्या कानाकडं बघत उभे होते.

ताई म्हणाली, छान आलाय.

मामा खूश होऊन झोपायला गेले. दुपारची वेळ. ताईनं दुकानाचं दार ओढून घेतलं, अडगळीतून जुना मंद बल्ब शोधला, लावला, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच एकटी उभी राहिली. आजवर ती तिथं ट्रे धरायला, औषध ढवळायला, "आता काढ" म्हटल्यावर काढायला असायची. मामांनी प्रिंट कधी कोणाला काढू दिला नव्हता. पण बघून बघून हाताला कळत होतं. कागदाची पट्टी कापून उजेड किती द्यायचा ते बघितलं, चेहऱ्यावर हाताची सावली धरली, तळव्यांना उजेड थोडा जास्त दिला. दुसऱ्याच कागदावर पडदेवाला उठून बसला. तिनं तो फोटो मामांच्या फोटोच्या जागी दोरीवर चिमट्यांना लावला, मामांचा उचलून कपाटामागं सरकवला, आणि मोठा बल्ब परत होता तिथं बसवला.

तिला वाटलं, एका फोटोचा प्रश्न आहे. होऊन जाईल.

पडदेवाला फोटो बघायला आला तेव्हा मीही होते. तो फोटोकडं बघायचा, मग स्वतःच्या तळहाताकडं, मग परत फोटोकडं. शेवटी म्हणाला, "ही अंगठ्याखालची गाठ मला ठाऊकच नव्हती रे. तुला कशी दिसली?" मामांनी मान तिरकी करून फोटो कडेच्या नजरेनं बघितला, जणू त्यांना सगळं दिसतंय. पडदेवाल्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "फोटो, मी ऐकलं होतं तुझे डोळे गेले म्हणून. गेले असतील तर जाऊ देत. हात तोच आहे."

मामांचा चेहरा मी कसा सांगू. मामी गेल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरच्या बटणाची गोष्ट पडदेवाल्याला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा आपणच आधी हसले. ताई चहा करायला म्हणून आत गेली ती बाहेर येईना, म्हणून मी गेले, तर गॅस न पेटवताच उभी होती. तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. म्हणाली, "एक दिवस त्यांना बरं वाटू दे म्हटलं. आता हे कसं निस्तरू?"

निस्तरायला वेळच मिळाला नाही. व्यवस्थापकांनी तो फोटो बघितला आणि त्यांना उत्साह आला. नाट्यगृहाच्या माळ्यावर जुन्या नटांच्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा पडला होता, मामांनीच ऐन उमेदीत काढलेल्या. तो डबा त्यांनी पाठवून दिला. दालनाची अख्खी भिंत मामांनी करायची. आणि निरोप असा की दुसऱ्या कोणाला देऊ नका, आम्हाला मामांच्याच हातचं हवंय.

मामांनी डबा मांडीवर घेतला तो लहान मूल घ्यावं तसा. एकेक निगेटिव्ह बोटांच्या कडांनी धरून हा कोण असेल ते ताईला विचारायचे, तिनं वर्णन केलं की त्या माणसाची नक्कल करून दाखवायचे. ही बाई, मामा म्हणाले, फोटो काढताना रडली होती, कारण विचारलं तर म्हणे, सवय आहे. त्या डब्यातली निम्मी माणसं आता हयात नव्हती. निगेटिव्हच तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्याही कडांनी पिवळ्या पडत चालल्या होत्या.

त्या दिवसापासून मामा सकाळी आत जात ते अंधार पडेपर्यंत आत, आणि रात्री खोलीची किल्ली त्यांच्या उशाशी. दुपारची झोप बंद. झोप कसली, काम पडलंय, म्हणायचे. त्यामुळं ताईला एकटीला डार्करूम मिळणंच थांबलं. आणि दोरीवर रोज राखाडी माणसं वाळायला लागली. राजा राखाडी, राणी राखाडी, विदूषकाच्या तोंडाचा पांढरा रंग राखाडी. कागदाचा गठ्ठा उतरत होता, आणि तसला कागद आता कुठं सहज मिळत नाही.

ताई गुपचूप व्यवस्थापकांकडं जाऊन आली. सांगून बघितलं की बाबांना आता जमत नाही, काम परत घ्या. ते म्हणाले, अहो, पडदेवाल्याचा फोटो बघितलाय ना मी, काय बोलता तुम्ही. वडिलांना दगदग होऊ नये ही तुमची काळजी कळते मला, पण कलावंताला असं घरी बसवू नका. ताई तिथंही खरं सांगू शकली असती. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मग ते बाबांना समजल्याशिवाय राहील का? पडदेकाकाला? ह्या गल्लीत?"

आणि आज व्यवस्थापक फोटो न्यायला येणार होते. म्हणून बल्ब. म्हणून हे भांडण.

"कागद जुना नाहीये, बाबा. नवा गठ्ठा आहे, मी फोडलाय."

"मग औषध."

"औषध सकाळी तुम्हीच केलंय. तुम्हीच वास घेऊन चांगलं म्हणालात."

"म्हणजे माझंच चुकतंय."

"तुमचं नाही. बल्बचं."

मामा मग एकदम कोर्टात उभं राहिल्यासारखे ताठ झाले. "ठेव नाणं," म्हणाले. "माझंच शिकवलेलं मला करून दाखव. ठेव."

नाण्याची परीक्षा त्या खोलीत सगळ्यात जुनी. कोरा कागद दिव्याखाली उघडा ठेवायचा, त्यावर एक नाणं ठेवायचं, आणि वाट बघायची. नाण्याखाली उजेड पोचत नाही. दिवा बरोबर असेल तर कागद धुतल्यावर सगळा सारखाच पांढरा निघतो, नाणं कुठं होतं ते कळतही नाही. दिवा वाईट असेल तर कागद काळवंडतो आणि मध्ये नाण्याएवढा पांढरा गोल राहतो. त्यात वाद घालायला जागाच नाही.

ताईनं कागद काढला, पाकीट बंद केलं, माझ्याकडून नाणं घेतलं आणि ठेवलं. आम्ही तिघं त्या नाण्याकडं बघत उभे राहिलो, पानावर बसलेल्या किड्याकडं बघावं तसे. मामा पुटपुटत सेकंद मोजत होते. मग ताईनं कागद पहिल्या ट्रेत सोडला, दुसऱ्यात, तिसऱ्यात. नळाखाली धरला. आणि पांढरा दिवा लावला.

गोल होता. स्वच्छ, पांढरा, कोणीतरी कात्रीनं कापून चिकटवावा तसा, आणि भोवती सगळा राखाडी कागद. ताईनं सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. तिनं तो कागद मामांच्या हातात दिला.

मामांनी तो जवळ धरला. लांब धरला. मान डावीकडं कलती केली, मग उजवीकडं. अंगठा ओल्या कागदावरून सावकाश फिरवला, वरून खाली.

"कुठंय?" ते म्हणाले.

"मध्ये आहे, बाबा."

"मध्ये काही नाही."

ताईनं त्यांचं बोट धरलं आणि गोलावर टेकवलं. "हा बघा. इथं."

"इथं कागद आहे. ओला कागद." मामांनी बोट सोडवून घेतलं. त्यांनी माझ्याकडं, म्हणजे माझ्या कानाकडं, बघितलं. "तू सांग गं."

मी म्हटलं, "आहे मामा. गोल आहे."

"तुम्ही दोघी एक आहात," मामा म्हणाले, पण त्यात राग नव्हता. ते परत त्या कागदाकडं वळले आणि परत मान कलती करून बघायला लागले. ज्या जागी रोखून बघत होते तिथंच तो गोल होता, आणि म्हणूनच त्यांना दिसत नव्हता. हे आम्हा दोघींना कळत होतं. कदाचित त्यांनाही. ताईकडं आता दाखवायला दुसरं काही नव्हतं. याच्याहून मोठा पुरावा त्या धंद्यात नाही.

"बरं," मामा म्हणाले. कागद त्यांनी ट्रेत सोडून दिला. "असेल गोल. तुम्ही म्हणता तर असेल. मला एकच सांग पोरी. पडद्याचा फोटो मी याच बल्बखाली केला. असल्याच कागदावर. बरोबर? तो तर चांगला आला. तू म्हणालीस, पडद्या म्हणाला, सगळे म्हणाले. त्याच्या अंगठ्याखालची गाठसुद्धा आली." त्यांचा आवाज चढला नव्हता. ते भांडत नव्हते आता, खरंच विचारत होते, एखादं औषध का बिघडलं ते विचारावं तसं. "दिवा वाईट आहे, तर मग तो कसा आला?"

ताईचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगते. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती आणि ते तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होते, भुवया वर करून, उत्तरासाठी थांबलेले.

"सांग ना," मामा म्हणाले. "तो कसा आला?"

ताईनं खिळ्याला अडकवलेल्या फडक्याला हात पुसले, बोटांच्या मधून मधून, नीट. मग मला बादलीवरून उठायची खूण केली, दार ओढलं आणि मामांना तसंच उत्तराची वाट बघत ठेवून बाहेर निघून गेली.